दोघांच्या सहीचं खातं

बाजार नियामकाचं पत्र आलं तेव्हा श्रेणिक मगदूम उप्पीट खात होता. त्याने ते फोनवर शेवटपर्यंत वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि ताटलीत लिंबू पिळलं.

"कुणाचं होतं?" त्रिशलाने विचारलं.

"नियामकाचं. परवाना स्थगित केलाय. आजपासून."

त्रिशला त्याची बायको. सोळा वर्षांच्या संसारात एवढं तिला नक्की कळलं होतं की हा माणूस थट्टा करत नाही. निदान गेल्या दहा वर्षांत तरी नाही. तिने हात पुसले, फोन उचलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. 'लवादासमोर झालेल्या तडजोडीनुसार आपल्या ग्राहक श्रीमती मंगल शिरतोडे यांना देय असलेली नऊ लाख रुपयांची रक्कम मुदतीत अदा न केल्यामुळे आपला दलालीचा परवाना स्थगित करण्यात येत आहे. रक्कम दिल्याचा पुरावा सादर होईपर्यंत स्थगिती कायम राहील. सात दिवसांच्या आत अधिकृत रुग्णालयात जाऊन समतोल यंत्र बंद करून घ्यावे.' खाली आधीच्या तीन नोटिसांच्या तारखा होत्या.

ती खुर्चीत बसली. "तीन नोटिसा? अहो, मला एक तरी सांगायची."

"तू विचारलं नाहीस."

तो टोमणा नव्हता. त्याने फक्त खरं ते सांगितलं होतं.

"पैसे नाहीत का आपल्याकडं? बँकेत ठेव आहे ना?"

"आहे."

"मग का नाही दिले?"

श्रेणिकने चमचा खाली ठेवला आणि मनापासून विचार केला. प्रश्न योग्य होता. "द्यायचेच होते," तो म्हणाला. "उद्या देऊ असं रोज वाटायचं. वाटायचं म्हणजे... माहीत होतं. द्यायला पाहिजेत हे माहीत होतं."

मग त्याने उरलेलं उप्पीट संपवलं. आज दुकान उघडायचं नव्हतं, तरी सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला.

*

समतोल यंत्राची गोष्ट २०३४ सालच्या सप्टेंबरातल्या एका दुपारपासून सुरू होते. त्या दुपारी देशाचा शेअर बाजार अकरा मिनिटांत कोसळला. चौकशी झाली. घोटाळा सापडला नाही, युद्ध नव्हतं, कुठली बँक बुडाली नव्हती. एक अफवा उठली होती, एवढंच. काही हजार दलाल एकाच वेळी घाबरले, त्यांनी विकायला सुरुवात केली आणि त्यांच्यावर नजर ठेवून चालणाऱ्या संगणकांनी त्यांचं अनुकरण केलं. समितीने अहवालात लिहिलं की संगणक दुरुस्त करता येतील, घाबरणाऱ्या माणसांचं काय करायचं?

त्याच सुमाराला डॉक्टरांच्या हाती एक उपाय आला होता. आपल्या मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाएवढा एकेक पेशींचा पुंजका असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात खड्डा पडतो. अपघातातून वाचलेल्या किंवा युद्धावरून परतलेल्या माणसांत ही घंटा कधी कधी थांबतच नाही. त्यांच्यासाठी तांदळाच्या दाण्याहून बारीक असं एक यंत्र तयार झालं. मांडीच्या शिरेतून ते वर सरकवत नेऊन त्या पुंजक्याजवळ सोडायचं. पेशींची लय चढू लागली की यंत्र ती ओळखतं आणि उलट लयीचा हलका विद्युत् ठोका देऊन ती खाली आणतं. घंटा वाजायच्या आतच तिचा लोलक हातात धरावा, तसं.

दुसऱ्यांच्या पैशांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने हे यंत्र बसवलं पाहिजे, असा नियम झाला. बाजार सुरू असताना ते चालू राहील, साडेतीनला आपोआप बंद होईल. परवाना गेला की यंत्रही बंद, कारण परवाना नसलेला निर्भय माणूस कायद्याला नको होता. बाजार शांत झाला. दलालांना झोप लागायला लागली. सगळ्यांनी समितीचं कौतुक केलं.

दोन गोष्टी मात्र हळूहळू उघडकीला आल्या. पहिली म्हणजे, मेंदू शिकतो. रोज सहा तास, वर्षानुवर्षं गप्प बसवलेला पुंजका उरलेले अठरा तासही गप्पच राहायला लागला. दुसरी गोष्ट खरं तर जुन्याच एका प्रयोगात दिसली होती. त्या प्रयोगात माणसांपुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवत. त्यातले दोन फसवे. आधी मोठी कमाई द्यायचे आणि मग त्याहून मोठा फटका. निरोगी माणसाचा हात फसव्या गठ्ठ्याकडे गेला की तळव्याला घाम सुटायचा, तो गठ्ठा वाईट आहे हे त्याला शब्दांत सांगता यायच्या आधी. मेंदूच्या या भागांना इजा झालेल्या माणसांना घाम सुटत नसे. त्यांतल्या काहींना गठ्ठा वाईट आहे हे कळायचं, विचारलं तर सांगताही यायचं, आणि तरी त्यांचा हात तिकडेच जायचा. कळणं आणि हात मागे येणं ही दोन वेगळी कामं आहेत. समितीच्या अहवालात हा प्रयोग परिशिष्टात होता. परिशिष्ट कोण वाचतं?

श्रेणिक आधी भित्रा माणूस होता. बाजार उघडायच्या आधी त्याला जेवण जात नसे आणि संध्याकाळी घरी आला की क्षुल्लक कारणावरून आरडाओरडा करायचा. यंत्र बसवल्यावर ते सगळं थांबलं. सांगलीतली मोठमोठी गिऱ्हाइकं त्याच्याकडे आली. मुलगी ऋजुता तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. ती तापाने फणफणली, तेव्हा त्याने शांतपणे तीन डॉक्टरांच्या फीची तुलना केली. त्रिशलाच्या काळजात काहीतरी हललं होतं. पण घरात आवाज चढत नाही ही काय तक्रार करायची गोष्ट आहे?

मंगल शिरतोडे त्याच्याकडे आली ती निवृत्तीचे चौदा लाख रुपये घेऊन. तासगावजवळच्या एका उपकेंद्रात तिने पस्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली होती. "साहेब, मला उड्या मारायच्या न्हाईत," ती म्हणाली होती. "बँकेपेक्षा जरा जास्त मिळालं तरी बास." त्या महिन्यात श्रेणिकला ऑप्शनच्या, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैज लावण्याच्या, एका योजनेत गिऱ्हाइकं भरायची होती. ही योजना या बाईला योग्य नाही, हे त्याला माहीत होतं. नियमाचं कलमसुद्धा त्याने पाठ सांगितलं असतं. त्याचा तळहात कोरडा होता. "काळजी करू नका," तो म्हणाला आणि सहीची जागा दाखवली.

चौदा महिन्यांनी तिच्या हाती जवळपास काहीच उरलं नाही. तिने तक्रार केली, लवाद बसला, तडजोड झाली, नऊ लाख रुपये तीस दिवसांत. श्रेणिकने सही केली. त्याला आता नव्वद दिवस झाले होते.

*

मिरजेच्या रुग्णालयात डॉ. शहनाज मुल्ला यांच्याकडे जिल्ह्यातले सगळे परवानाधारक असत. त्यांनी श्रेणिकच्या डोक्याभोवती एक पट्टा बांधला आणि पडद्यावर आकडे टाकले. चार मिनिटं लागली.

"झालं. बंद केलं."

"मला काही वेगळं वाटत नाहीये."

"वाटणार नाही. यंत्र बंद झालंय, पण तुमच्या मेंदूला ते अजून पटलेलं नाही."

"किती दिवस लागतील?"

"कुणाला पंधरा दिवस, कुणाला सहा महिने. माझ्या दोन पेशंटांना दोन वर्षं झाली तरी काही नाही." त्या पट्टा सोडत म्हणाल्या, "नस वापरली की जागी होते. जिथं भीती वाटायला हवी, लाज वाटायला हवी, अशा जागी जाऊन उभे राहा. टाळू नका."

"आणि पैसे भरले की?"

"स्थगिती उठते. मग एकवीस दिवसांत माझ्याकडं येऊन यंत्र परत चालू करून घ्यायचं. नाही आलात तर परवाना कायमचा रद्द." त्यांनी चष्मा काढला. "बरेच जण धावतच येतात, मगदूम. दहा वर्षांचं एकदम अंगावर आलं की सोसत नाही."

श्रेणिकने सल्ला पाळला. तो सल्ले पाळण्यात चांगला होता. विश्रामबागेतल्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या कठडा नसलेल्या गच्चीवर जाऊन कडेला उभा राहिला. खाली वाळूचा ढीग, त्यावर एक कुत्रं झोपलेलं. दहा मिनिटं उभा राहून तो जिना उतरला. मग वडिलांच्या फोटोपुढे बसला. ते गेले त्या दिवशी त्याने दुपारी बाजार बंद होईपर्यंत सौदे केले होते. फोटोच्या काचेवर धूळ होती ती त्याने पुसली.

तिसऱ्या दिवशी तो मंगल शिरतोडेच्या घरी गेला.

*

शंभर फुटी रस्त्याच्या मागे एका चाळवजा इमारतीत तिच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करायला ती सकाळी जायची आणि दुपारी परत यायची. श्रेणिक आला तेव्हा ती नुकतीच चप्पल काढत होती. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"चेक आणलाय?"

"नाही."

"मग?"

"आत येऊ का?"

ती दारातून बाजूला झाली. "या. बसा." पाणी दिलं. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढंच त्या देण्यात होतं.

श्रेणिकने जसं होतं तसं सांगितलं. यंत्र, त्याचं बंद होणं, डॉक्टरांचा सल्ला. तुमच्याकडे यायला मला लाज वाटायला हवी, म्हणून आलो, असंही सांगितलं. मंगलताई आजाऱ्याचं ऐकावं तसं ऐकत होती.

"हाताला घाम सुटतोय?"

"नाही."

"पोटात काय गोळाबिळा?"

"नाही."

तिने त्याचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ओठ हलवत नाडी मोजली. "बाहत्तर," ती म्हणाली आणि हात सोडला. "माझ्यासमोर बसून बाहत्तर."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. मंगलताई पदराने तोंड पुसत म्हणाली, "म्हंजे तुम्ही माझ्याकडं औषध घ्यायला आला."

"हो. तसंच म्हणायचं."

"चौदा लाख घालवलं माझं. आता वर औषध पण मीच द्यायचं?"

यावर काय बोलायचं असतं हे श्रेणिकला आठवत नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी पस्तीस वर्षं पोरांना सुया टोचल्या. पोरं रडायची, आया रडायच्या. मला काय रडू यायचं न्हाई ओ. दिवसाला पन्नास पोरं, रडत बसली असती तर टोचलं कुणी असतं? पण यादीतलं एक जरी पोर राहिलं तर दुसऱ्या दिवशी मळ्यात चालत जायची. दोन-दोन कोस. मला लई वाटायचं म्हणून न्हाई. यादीत नाव हाय म्हणून." तिने पाण्याचा तांब्या उचलून मोरीपाशी ठेवला. "तुम्हाला काय वाटतंय आणि काय न्हाई, ते तुमच्यापाशी राहू द्या. मालकाला ह्या खोल्या विकायच्यात. मी घेते म्हटलंय. पाडव्यापतुर पैसे दिले तर माझ्या, न्हाईतर सामान बाहेर. एवढंच हाय. तारीख लिहून घ्या."

त्याने फोनमध्ये तारीख लिहिली. मग उठला आणि तिथून सरळ बँकेत गेला. ठेव मोडायला वीस मिनिटं लागली. व्याज बुडेल असं कारकुनाने सांगितलं, त्याने मान डोलावली. नऊ लाख रुपये मंगल शिरतोडेच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला, तो त्याने तिला आणि नियामकाला पाठवला. नियामकाचं उत्तर लगेच आलं. तिचं संध्याकाळी आलं, एका शब्दाचं. 'पोचले.'

आत काही हललं का, याची त्याने वाट बघितली. नाही. हे त्याने त्रिशलाला सांगितलं.

"पण दिलेत ना?" ती म्हणाली.

"दिले."

"मग जेवा."

*

होळी होऊन गेली की कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकणाऱ्या मुलांची गर्दी सुरू होते. ऋजुता आता बारा वर्षांची होती. पैसे भरल्याला आठ दिवस झाले होते, त्या रविवारी सकाळी पाठीवरचा डबा सोडून ती पहिल्यांदा पोहणार होती. त्रिशला आणि श्रेणिक पायरीवर बसले होते. शिकवणारे मामा छातीभर पाण्यात उभे होते. ऋजुताने उडी घेतली, चार हात मारले आणि सगळी नवी मुलं जातात तशी क्षणभर पाण्याखाली गेली.

श्रेणिकला आधी समजलंच नाही की हे काय होतंय. तळहात ओले झाले होते. त्याने ते बघितले. पाण्याचे शिंतोडे उडाले असतील असं त्याला वाटलं. मग कानात जोराने धाड धाड सुरू झालं, आणि पुढचं त्याला आठवलं ते बूट-पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मुलीला दंडाला धरून ओढतानाचं. तो मामांवर ओरडत होता. काय ओरडत होता ते घाटावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ऋजुता केव्हाच वर आली होती. ती बुडत नव्हती. बापाच्या बोटांनी तिचा दंड ठणकत होता आणि तिच्या मैत्रिणी बघत होत्या.

घरी आल्यावर ती खोलीत जाऊन बसली. दुपारी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. श्रेणिक बाहेरच्या खोलीत होता, दार अर्धवट उघडं होतं.

"मम्मी, पप्पांचं ते मशीन कधी चालू होणार?"

"का गं?"

"करू दे ना लवकर. ते आधी चांगले होते."

त्रिशला काय बोलली ते ऐकू आलं नाही. श्रेणिक सोफ्यावर बसून राहिला. छातीत, डाव्या बाजूला, काहीतरी बोचत होतं आणि ते थांबवायचं कसं हे तो विसरून गेला होता.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. काहीही क्रमाने येत नव्हतं. दाढी करताना वडील आठवायचे आणि साबण तसाच वाळायचा. मग एक संपूर्ण दिवस काहीच नाही, दगडासारखा. आणि मग भाजी मंडईत भूपाल आवटी दिसले, त्याचे जुने ग्राहक, आणि त्याचे पाय आपोआप दुसऱ्या गल्लीत वळले. गल्लीच्या टोकाला तो थांबला. पाय का वळले? हे शोधताना त्याला ती यादी आठवली. विसरला कधीच नव्हता म्हणा.

त्याच योजनेत त्याने मंगल शिरतोडेसारखे आणखी बारा जण भरले होते. कुणीच तक्रार केली नव्हती. दोघांना आपले पैसे बुडालेत हे अजून माहीत नव्हतं. एक जण वारला होता, मुलांना कागदच सापडले नव्हते. आवटी मंडईत भेटले की उलट त्यालाच म्हणायचे, "आमचंच नशीब, मगदूम, तुम्ही तरी काय करणार?" सगळे मिळून ब्याऐंशी लाख रुपये.

त्याने ते त्रिशलाला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. तिने सगळं ऐकलं.

"मग चालू करू नका ते यंत्र," ती म्हणाली. "सोडा परवाना. माझ्या दादाचं हळदीचं गोदाम आहे, तिथं हिशेब बघायला माणूस पाहिजेच आहे त्याला."

"गोदामात ब्याऐंशी लाख कधी सुटतील? घर कर्जात आहे. एवढे पैसे मला दलालीतच मिळतात."

"आणि यंत्र चालू झाल्यावर तुम्ही ते देणार? नऊ लाख दिले नाहीत तुम्ही, खात्यात पडले होते तरी."

"मी नाही देणार," श्रेणिक म्हणाला. "मला माहीत आहे ना. म्हणून तर आत्ताच काहीतरी करून ठेवायचंय."

त्याने ठरवलं होतं ते असं. बाराही जणांना, वारलेल्याच्या मुलांना धरून, पत्र लिहायचं, आपल्या सहीचं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, नुकसान माझ्यामुळे झालं, दरमहा हप्ता येईल, हप्ता थांबला तर हे पत्र घेऊन लवादाकडे जा. आणि बँकेत एक खातं उघडायचं, सगळी दलाली थेट त्यात. दर महिन्याच्या पाच तारखेला बारा हप्ते आपोआप जातील. हा आदेश बदलायचा तर दोघांची सही लागेल, नवऱ्याची आणि बायकोची.

"त्याची सही तो पटकन करेल," श्रेणिक म्हणाला. यंत्र चालू असलेल्या स्वतःबद्दल तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलत होता. "तुझी मागायला येईल. भांडणार नाही. त्याचं बोलणं बरोबर असेल, कागदासकट. तरी तू करू नकोस."

"किती वर्षं?"

"साडेसहा."

"आणि मग?"

"मग मला मिरजेला ने आणि हे बंद करून आण. मी नको म्हणेन. तरी ने."

त्रिशलाने त्याच्याकडे बघितलं. दहा वर्षांनी तिला नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं. "म्हणजे आत्ता कुठं आलात," ती म्हणाली, "आणि साडेसहा वर्षं मी परत त्याच्याबरोबर राहायचं."

ती उठून गच्चीवर कपडे काढायला गेली आणि कपडे काढून झाले तरी खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटातून कागदांची पिशवी काढली. "बँकेत आधारची झेरॉक्स लागते का मूळ चालतं?" तिने विचारलं.

एकविसाव्या दिवशी डॉ. मुल्लांनी पट्टा बांधला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. "नको असेल तर आत्ता सांगा," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "मुलीची माफी मागायची राहिलीय. सकाळी गेलो होतो तिच्याजवळ, ती मागे सरकली."

"थांबू का?"

"नको."

चार मिनिटं लागली. परतताना रस्त्यात रसवंतीवर त्यांनी उसाचा रस घेतला. त्रिशलाने त्याच्या ग्लासाकडे बघितलं. ग्लास जराही हलत नव्हता.

*

तीन वर्षं नीट गेली. दुकान पुन्हा चांगलं चालायला लागलं. पत्रं मिळाल्यावर सुरुवातीला बारापैकी चौघांचे फोन आले. दोघांनी शिव्या दिल्या, त्या श्रेणिकने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. आवटींनी पुन्हा नशिबाचंच नाव काढलं. ऋजुता पंधरा वर्षांची झाली, जिल्ह्याच्या संघात पोहायला लागली. वडिलांशी तिचं छान जमायचं. ते कधी चिडत नसत, वेळेवर सोडायला यायचे, हरून आली तरी चेहरा पाडायचे नाहीत.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर श्रेणिकने टेबलावर कागद मांडले.

"त्रिशला, इथं एक सही लागेल."

"कसली?"

"हप्ते थांबवायची." त्याने कागद तिच्याकडे वळवला. "त्या पत्रांवर दावा करायची कायद्याची मुदत तीन वर्षं होती. मागच्या मंगळवारी ती संपली. आता ते पत्र घेऊन कुणी लवादाकडे गेलं तरी दावा दाखल होणार नाही. वकिलाला विचारलंय, हा त्याचा अभिप्राय. चव्वेचाळीस लाख राहिलेत. यांतल्या तिघांनी तर आता पुरे म्हणून स्वतःच सांगितलंय. दोन वर्षांनी ऋजुताचं कॉलेज. तिला आर्किटेक्ट व्हायचंय, त्याचा खर्च मी काढलाय, तो दुसऱ्या पानावर."

त्रिशलाने दोन्ही पानं वाचली. सगळे आकडे जुळत होते. आतल्या खोलीत ऋजुता गुणगुणत पिशवी भरत होती. तिच्या फीचा आकडा खरंच मोठा होता.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली.

"मग?"

"मी सही नाही करणार."

"कारण?"

तिने पेन उलटं करून टेबलावर ठेवलं. कारण सांगितलं तर त्याला समजणार नव्हतं हे तिला माहीत होतं, तरी तिने सांगितलं. "मला भीती वाटते."

"कशाची? कायद्याने तर आता काहीच होऊ शकत नाही."

"साडेतीन वर्षांनी मी तुम्हाला मिरजेहून घेऊन येईन," त्रिशला म्हणाली, "तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला विचाराल, हप्ते थांबवायला सही केलीस का? त्याची."

श्रेणिकने तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना निराशा. "ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी परत विचारतो." त्याने कागद एकावर एक रचले, फोनमध्ये तारीख टाकली आणि ऋजुताला हाक मारली. सरावाला निघायची वेळ झाली होती.

दोघं गेली. त्रिशला तशीच खुर्चीत बसून राहिली. बेचाळीस महिने उरले होते.